खाली दुकान, वर घर : एका पुनर्विकासाचा वाद

श्रोतेहो, नमस्कार.

कोथरूडमध्ये मी ज्या गल्लीत राहतो, तिच्या तोंडाशी असलेल्या चोवीस सदनिकांच्या एका जुन्या इमारतीच्या पुनर्विकासावरून गेले वर्षभर वाद चालू आहे. विकसकाचा प्रस्ताव असा, की चार मजली इमारत पाडून तिथे उंच इमारत उभारावी. तळमजल्यावर दुकाने, पहिल्या मजल्यावर कार्यालये आणि त्यावर घरे असावीत. आज पुण्यात हिरव्या जाळीआड गेलेली एकही इमारत नाही अशी गल्ली शोधावी लागते, त्यामुळे हा वाद एका सोसायटीपुरता नाही.

दुकानावर घर ही रचना पुणेकरांना नवी नाही. पेठांमधील कित्येक वाड्यांच्या दर्शनी भागात दुकाने आणि आत चौकाभोवती बिऱ्हाडे असत. लक्ष्मी रस्त्यावर किंवा रविवार पेठेत त्याच्या खुणा अजून दिसतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे बेघर झाली, आणि पुढच्या काळात पेठांबाहेर ज्या वसाहती वाढल्या त्यांतून ‘राहण्याची जागा वेगळी, बाजार वेगळा’ ही सवय आपल्या अंगवळणी पडली. ‘आमच्या शांत गल्लीत बाजार नको’ हे म्हणणे समजण्यासारखे आहे, पण ते फार जुने नाही. फरक आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. वाड्यातल्या दुकानाबद्दल तक्रार असेल, तर ती कोणाच्या ओट्यावर जाऊन करायची हे भाडेकरूला ठाऊक असे. (ती ऐकून घेतली जाईच असे नाही, हे जुने भाडेकरू सांगतील.) नव्या इमारतीत तो ओटाच उरत नाही.

आता दुकाने येतात कशासाठी, ते पाहू. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीनुसार रस्ता जितका रुंद तितके जादा बांधकाम, असे साधारण सूत्र आहे, आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला जादा बांधकामाचा हक्क, सहसा वापरता येत नाही. त्याच वर्षी महापालिकेत सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शहरात जो गदारोळ झाला तो अनेकांना आठवत असेल. पुनर्विकासाला वाट मिळेल असे एक बाजू म्हणत होती. दुसरी बाजू विचारत होती, की रस्ता रुंद होऊन त्यावर तिप्पट माणसे आणि त्यांच्या गाड्या येणार असतील, तर रुंदी वाढली असे म्हणायचे कशाला? मला दुसऱ्या बाजूचा प्रश्न आजही अनुत्तरित वाटतो.

जादा बांधकामाला परवानगी मिळाली तरी खर्च भरून यावा लागतो. जुन्या सभासदांना वाढीव कार्पेट एरिया (घरातली वापराची जागा), कॉर्पस फंड (विकसकाने द्यायची ठोक रक्कम) आणि बांधकामाच्या काळातले घरभाडे, हे सगळे विक्रीच्या भागातून येते, आणि मुख्य रस्त्यालगत दुकानाचा चौरस फुटाचा दर घराहून बराच जास्त असतो. म्हणजे आपल्या नव्या हॉलची वाढीव जागा खालच्या दुकानाने भरून दिलेली असते. असे असूनही सभांमध्ये तासन् तास चर्चा होते ती वाढीव टक्क्यांची. तळमजल्याचा नकाशा मात्र शेवटी, चहा येता येता पाहिला जातो. माझा आक्षेप दुकानांना नाही, या क्रमाला आहे. कारण टक्के एकदाच मोजायचे असतात, तळमजल्याबरोबर मात्र रोज राहायचे असते, आणि तेही केवळ त्या चोवीस कुटुंबांना नव्हे, तर समोरच्या बंगल्यांना आणि गल्लीतून शाळेत चालत जाणाऱ्या मुलांनाही.

सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली जुलै २०१९ मध्ये निघालेल्या शासन निर्णयात एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांच्या संमतीची आणि विशेष सर्वसाधारण सभेच्या चित्रीकरणाची तरतूद आहे. यात शेजारच्या गल्लीला मत नाही. परदेशी राहून फ्लॅट भाड्याने देणाऱ्या सभासदाला एक मत आहे आणि तळमजल्यावर चाळीस वर्षे राहिलेल्या आजींनाही एकच. कायद्याने याहून वेगळे काही करता येईल असे मला वाटत नाही. पण विकसकाशी करायच्या करारनाम्यात जे लिहायचे, ते तरी सोसायटीच्या हातात आहे.

गेल्या महिन्यातील सभेत त्या आजी उभ्या राहिल्या. त्यांनी टक्क्यांबद्दल काही विचारले नाही. “माझ्या नव्या घराखाली हॉटेल आले, तर त्याची चिमणी कुठून जाणार, आणि रात्री शटर किती वाजता पडणार?” एवढेच त्यांनी विचारले. विकसकाच्या प्रतिनिधीने, दुकाने कोण घेईल ते आज सांगता येणार नाही, असे उत्तर दिले, आणि ते खरेही असावे. त्यावर एका तरुण सभासदाने सुचवले, की कोण घेईल हे नका सांगू, कशासाठी घेता येणार नाही ते दुकानांच्या विक्रीकरारातच लिहा. दुकानांचे पार्किंग आणि जिना वेगळा ठेवा, पाण्याच्या पंपाला वेगळा मीटर बसवा. मग अर्धा तास कोणी टक्क्यांचे नाव काढले नाही. औषधांचे दुकान चालेल, दवाखाना चालेल, भट्टी लागणारे हॉटेल नको, मंगल कार्यालय तर नकोच, अशी यादी फळ्यावर वाढत गेली, आणि वाण्याच्या दुकानाला विरोध करणारे एकही मत पडले नाही.

विकसकाने विचार करायला पंधरा दिवस मागितले आहेत. यादी इतिवृत्तात नोंदवली असून, पुढची सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता त्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये आहे.