लाल बटण आणि बिनव्याजी हप्ता

("कमी खरेदी, मोकळं जगणं" या विषयावर दापोलीत कॉलेजच्या मुलामुलींपुढे केलेलं भाषण. पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, मी साधेपणाची पोथी वाचायला आलेलो नाही. "आमच्या वेळी दोन सदऱ्यांत वर्ष निघायचं" हे तुम्ही घरी भरपूर ऐकलंय. निघायचं, कारण तिसरा शिवायला पैसे नसायचे! त्याला व्रत कसलं म्हणता? उलट आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आमच्या घरी खरेदीला ऊत यायचा. मीठ, कांदे, सुकट, मसाल्याच्या मिरच्या, सगळं माळ्यावर. पावसाळ्यात बोटी बंद, मग जाणार कुठे? पण यादी आज्जीच्या डोक्यात असायची आणि मे महिन्यात एकदाच बाहेर पडायची. तुमची यादी मोबाईल काढतो, तीही रात्री साडेअकराला. हसू नका, मागच्या रांगेत कुणीतरी आत्ताही काहीतरी मागवतंय.

आणि आपल्याकडे वस्तू सांभाळायची म्हणजे काय ते आषाढात कपाट उघडून बघा. चामड्याच्या बुटांवर बुरशी, पट्ट्यावर बुरशी. हर्णैला तर खारा वारा लोखंडी रॅक खाऊन टाकतो. जेवढ्या वस्तू, तेवढं पुसणं.

आता माझी आवडती गोष्ट. आयोजकांनी ती दोनदा ऐकलीय, त्यांनी सहन करावं. आमच्या शेजारच्या घरात मिक्सर बंद पडला. ओल्या खोबऱ्याचं वाटप, पाणी घालायला हात आखडता, भांडं अडकलं आणि मोटर गप्प. मुलगा पुण्याला नोकरीला, रजेवर आलेला. त्याने कंपनीला फोन लावला. "मॉडेल जुनं आहे, नवीन घ्या," असं उत्तर आलं. याने बसल्या जागी नवीन मागवला, हप्त्यावर. संध्याकाळी मी गेलो, मिक्सर उलटा केला. खाली छोटं लाल बटण असतं. मोटरवर भार पडला की ते आपोआप बाहेर येतं, म्हणजे मोटर जळत नाही. थोडं थंड होऊ द्यायचं आणि दाबायचं. दाबलं. घर्र!

त्याची आई म्हणाली, "म्हंजे आता दोन मिक्सर झाले. एक वाटायला नि एक हप्ते भरायला."

बटणाने भागलं नाही तर भांड्याखालचा कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडणारी चकती, बघा, मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश बघा. झिजण्यासाठीच असतात ते, आणि बदलता येतात. आपल्या बाजारात हे करणारी माणसं अजून आहेत. तुम्ही गेला नाहीत तर ती दुकानंही मोबाईलच्या कव्हरची होतील.

एक गंमत सांगतो. साने गुरुजींचा जन्म आपल्या पालगडचा, 24 डिसेंबर 1899. आणि 24 डिसेंबर हाच राष्ट्रीय ग्राहक दिन, कारण 1986 साली त्या दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. योगायोगच. दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टलही 2022 च्या ग्राहक दिनालाच सुरू झालं. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती वगैरे तिथे...

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. आणि विषय तर "कमी खरेदी, मोकळं जगणं" होता! बरं, भराभर सांगतो.

बिनव्याजी हप्ता नावाची गोष्ट नसते. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच सांगितलं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच खरी नाही. बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी सूट दिल्यासारखं दाखवतो. हप्ता नको म्हटलंत तर कदाचित तीच सूट तुमच्या किमतीत मिळाली असती. वर प्रक्रिया शुल्क, आणि क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. म्हणून दुकानात आधी रोख किंमत विचारा, मग गप्प बसून बघा.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. पैसे किती वाचतात ते सोडा. पहिल्या नोकरीत तीन हप्ते डोक्यावर असले की साहेबाला "नाही" म्हणता येत नाही. लोट्याला, जवळच्या एमआयडीसीत, राहायचं, मुंबईला जायचं की घरची कलमं बघायची, हे मग तुम्ही ठरवत नाही, महिन्याची पाच तारीख ठरवते. कमी घेणाऱ्याला कमी पगारही परवडतो, आणि गावात राहण्यासाठी आज नेमकं तेच लागतं. शेतीतली अनिश्चितता यात मी धरलेली नाही, त्यावर भांडायचं असेल तर भांडा.

पण बाहेर, चहाला. हर्णैच्या शेवटच्या गाडीवाल्यांनी मात्र आत्ताच उठा.