फडातला माणूस कोणत्या बाजूचा?

मित्रहो, आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस आधी गाव विचारतो, मग पीकपाणी, आणि निवडणूक जवळ आली असेल तर तिसरा प्रश्न ठरलेला: "भाऊ, तू कोणाकडना?" मला या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं देता येत नव्हतं, आणि त्याचा त्रास व्हायचा. आज धुळ्यात, पांझरेच्या काठी बोलतोय, म्हणून ते उत्तर मी कुठे शोधायला लागलो ते सांगतो.

डावे-उजवे हे शब्द १७८९ च्या फ्रान्समधले. राजाला नकाराधिकार हवा म्हणणारे सभेत अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, नको म्हणणारे डाव्या हाताला. त्या प्रश्नापुरती ती बसण्याची सोय होती. आपण ती आयुष्यभराची जात करून टाकली.

माझ्या आजोबांची जमीन पांझरेवरच्या एका बंधाऱ्याखाली, फडात होती. तरुण मंडळींना फड ठाऊक नसेल, म्हणून थोडं थांबून सांगतो. बंधाऱ्याखालची सगळी शेती तीन-चार फडांत वाटलेली असायची. एका फडात एकच पीक. यंदा ऊस कोणत्या फडात, भुसार कोणत्या, हे सगळे शेतकरी बसून ठरवत. एकट्याला वाटलं म्हणून मधेच ऊस लावता येत नसे. बहुतेकांचे तुकडे निरनिराळ्या फडांत असत, त्यामुळे उसाचं पाणी एकाच घरात मुरत नसे. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या पिकाची राखण करायचा, आणि पाट साफ करायला शेतकरी स्वतः उतरायचे. सरकारी खात्याच्या कितीतरी आधीपासून, काहीशे वर्षं, हे चाललेलं होतं.

आता सांगा, हे काय म्हणायचं? जमीन ज्याची त्याची, वारसाहक्काने आलेली. पाणी सगळ्यांचं. पीक ठरवायचा हक्कही सगळ्यांचा. परंपरा म्हणावी तर पुरेपूर परंपरा, आणि सामुदायिक म्हणावं तर तेही खरंच. आजोबांना यात विसंगती दिसली नाही, कारण त्यांनी आधी नाव ठरवून मग पाट खोदला नव्हता.

पण फडाचं कौतुक करताना मला एक गोष्ट टोचते. त्या बैठकीत जमीनवाले बसत. ज्याला जमीन नाही, तो पिकाची राखण करत असला तरी कोणतं पीक घ्यायचं हे त्याला कोणी विचारत नसे. हे लक्षात आलं तेव्हा मला माझ्या भूमिकेचा पहिला धागा सापडला: निर्णयाचा भार ज्याच्या अंगावर पडतो, तो निर्णयाच्या जागी बसलाय का?

हाच प्रश्न घेऊन मी सातपुड्याकडे पाहिलं. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना तिच्यावर हक्क देणारा २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा आमच्या गावात सर्रास बोललं जायचं, "जंगल तोडणाऱ्यांना फुकट जमिनी." मीही मान डोलावली होती. पुढे विचार केला, माझ्या जमिनीला तरी माझे कोणते कष्ट? आजोबांच्या नावाचा कागद होता, एवढंच. अक्राणीतला माणूस पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरत होता, त्याच्याकडे कागद नव्हता. मी माझं मत बदललं. माझा पक्ष मात्र त्या दिवशी बदलला नव्हता, आणि ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते.

कापसाने अशीच परीक्षा घेतली. १९७२ ला राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावरच विकायचा. भाव पडला की सरकारी केंद्रावर रांग, आणि सीमेपलीकडे भाव चढला की रात्रीच्या गाड्या तिकडे. यासाठी मी शेतकऱ्याला खोटा म्हणणार नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज असतं. पण मला स्वतःला विचारावं लागलं: व्यापार मोकळा हवा, हे मी फक्त तेजीतच म्हणतो का? मंदीत मला आधार लागतो, तर तोच आधार कापूस वेचणाऱ्या बाईच्या मजुरीला मिळावा असं मी म्हणतो का? माझं उत्तर आता हो आहे. ते द्यायला मला फार वेळ लागला.

साने गुरुजी इथल्याच अमळनेरला शिक्षक होते. तेच गुरुजी गिरणी कामगारांसाठी झटले, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. विठ्ठल त्यांना हवाच होता, म्हणून दार सगळ्यांना उघडं हवं होतं. भक्ती आणि समता त्यांनी वेगवेगळ्या खणांत ठेवली नाही.

मी एक वही ठेवली आहे. पानावर वर एक प्रश्न, खाली माझं मत, आणि त्याखाली ते मत माझ्यावर उलटलं तर मला चालेल का, याचं उत्तर. सध्या उघडं असलेलं पान पाण्याचं आहे. माझ्या बोअरला पाणी आहे, बांधापलीकडच्या भावकीची विहीर आटली. जमिनीखालचं पाणी माझं का? मत अजून लिहिलेलं नाही. दुसरी बोअर मारायला गाडी यायची होती, तिला परवा फोन करून थांबवलं आहे.