पडीक खेरात काय उगवतं

मंडळी, आपल्या पेडण्यातल्या खेरांत, म्हणजे वाळवट शेतांत, पावसाळ्यात भात आणि त्यानंतर मिरची, अळसांदे, रताळी व्हायची. त्यातली कितीतरी शेतं आज पडीक आहेत. कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. नांगर थांबला की आपण 'रान माजलं' म्हणतो आणि पाठ फिरवतो. त्या रानाकडे आज जरा वाकून बघू या.

वाळवट जमिनीत काही टिकत नाही, हे तिचं मूळ दुखणं. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. नत्र पाण्याबरोबर खाली निघून जातं. वाडवडील शेण, राख, सुकी मासळी घालत राहिले ते त्यासाठीच.

ही दोन झाडं मी सकाळी येताना उपटून आणली. हा टाकळा. कडधान्यांच्याच कुळातला, पण मुळं बघा, साफ आहेत, एकही गाठ नाही. आणि ही उन्हाळी, म्हणजे शरपुंखा. हिच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात. नखाने एक फोडतो... आत गुलाबी आहे. पुढच्या रांगेतल्यांनी हातात घेऊन बघा. गुलाबी म्हणजे आतले जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत. पडीक शेतात कुणी न पेरता ही येते, आणि जे खत आपण घालायचं थांबलो त्यातलं थोडं ती घालू लागते.

मग गवतं येतात. वाळूतलं गवत हळूच उपटलं तर मुळांना वाळूची बाही चिकटलेली दिसते. सुट्या वाळूचे कण पहिल्यांदा एकमेकांना धरतात ते तिथे. पुढे निर्गुडी, करवंद. पक्षी झुडपावर बसतात, बिया टाकतात, आणि सावलीतला पाला कुजायला लागतो.

पण वरची हिरवळ बघून फसू नका. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथे अशाच वाळवट पडीक शेतांचा अभ्यास झाला, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. शेती सोडून ९१ वर्षं झाली तरी तिथली वनस्पतींची विविधता कधीच न नांगरलेल्या कुरणाच्या ७३ टक्के, आणि उत्पादकता ५३ टक्केच होती. तो थंड मुलुख आहे. आपल्याकडे हिरवळ लवकर चढते, पण उष्ण दमट हवेत पालाही तितक्याच लवकर संपतो.

म्हणून मार्च-एप्रिलमध्ये कुणी सुकं गवत पेटवलं की माझा जीव तुटतो. गवतातलं नत्र धुरात जातं, आणि राखेतलं बरंचसं पहिल्या पावसात वाहून जातं.

मघाशी एका काकांनी विचारलं, काजू लावायचे तर? लावा ना. फक्त सगळं रान साफ करू नका. कलमापुरता खड्डा खणा, भोवतालचं गवत कापून तिथेच बुंध्याभोवती पसरा, आणि उन्हाळी दिसली तर तिला हात लावू नका.