चारही चाकं ओढतात, तरी पावसात गाडी सुटते कुठून?

मंडळी, विषय जाहीर झालाय तो ‘ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या पावसातल्या तक्रारी: निदानाची पद्धत’. पद्धतीवर येतोच. पण आधी माझा एक जुना आग्रह तुमच्यासमोर मांडू द्या. गाडी ओल्या रस्त्यावर सुटायला, म्हणजे पकड सोडून घसरायला लागली की तपास रस्त्याकडून सुरू करा. आधी टायर, मग बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे), मग शॉकअप, आणि सगळ्यात शेवटी चाकांना ताकद वाटणारं ते महागडं ड्राइव्ह युनिट. होतं मात्र नेमकं उलट. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आधी जोडला जातो आणि टायरकडे कुणी वाकून बघतही नाही.

जरा हात वर करा बरं. आपली गाडी किती बीएचपीची, हे किती जणांना पाठ आहे? वा, जवळजवळ सगळ्यांना! आता मागच्या डाव्या टायरच्या खाचा किती मिलिमीटर उरल्यात ते सांगा. तीन हात. त्यातला एक टायरवाल्यांचा दिसतोय, तो धरत नाही.

हे विचारण्याला कारण आहे. मागच्या दोन चाकांवर चालणारी ताकदीची गाडी पावसात लगेच बोलते. जरा जास्त रेस दिली की चाकं फिरतात, शेपूट हलते, आणि चालवणारा सावध होतो. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी तसं काही बोलत नाही. ताकद चार ठिकाणी वाटली जाते, त्यामुळे अर्धे झिजलेले टायरही वेग घेताना तक्रार करत नाहीत. पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात, तिथं या गाडीला जादा काही मिळत नाही. वळणातही नाही. म्हणजे गाडी वळणापर्यंत पोचते जास्त वेगात, आणि तिथं हाताशी असते तेवढीच पकड. १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वाट्रो आली आणि पुढं तिनं रॅलीचं सगळं गणितच बदललं. ते गणित मुख्यतः रेस देण्याचं होतं, आपण ते ब्रेक आणि वळणालाही लावत बसलो.

आता एक उदाहरण, आणि ते मी सविस्तर सांगणार, कारण त्यात सगळं आहे. आडव्या इंजिनची एक वेगवान हॅचबॅक. अशा गाड्यांत मागच्या चाकांकडे ताकद जाते ती हॅल्डेक्स पद्धतीच्या क्लचमधून, म्हणजे गरजेप्रमाणे मागचा एक्सल पुढच्याशी जोडणाऱ्या, पंपाच्या तेलदाबावर चालणाऱ्या क्लचमधून. तक्रार अशी: कोरड्यात गाडी सोन्यासारखी, पण पावसात लांब डाव्या वळणावर रेसवरून पाय उचलला की मागची बाजू बाहेर जाते. फक्त डाव्या वळणावर. मालकानं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शब्दाशब्दानं. एका वर्कशॉपनं स्कॅनर लावला, एकही कोड नाही. तरी क्लचचं तेल बदललं, पंप बदलला, शेवटी अख्खं युनिट बदललं. तक्रार होती तिथंच. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम केलं, मशीनमधून सगळे आकडे हिरवे असलेला कागद निघाला, आणि तो कागद मालकाच्या हातात ठेवून त्याला सांगितलं गेलं की पावसात जरा जपून चालवा. मला राग येतो तो इथं. ‘फक्त डाव्या वळणावर’ आणि ‘पाय उचलल्यावर’ या दोन गोष्टी त्या माणसानं आयत्या आणून दिल्या होत्या. त्यांचा कुणी विचारच केला नाही.

डाव्या वळणात भार येतो उजव्या बाजूवर, म्हणून बघायचं उजवं मागचं चाक. त्या टायरवरून आडवा हात फिरवला, तर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखा. ही टो, म्हणजे वरून बघता चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बिघडल्याची खूण. पण कागद तर हिरवा! कारण मशीनवर गाडी उभी असते, कुठलंच चाक काही ओढत नसतं. लिफ्टवर घेऊन टो-लिंकच्या, म्हणजे हा कोन धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या बुशमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घातली, तर लिंक सरळ मागं-पुढं होत होती. रबर आतून फाटलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढचे टायर लवकर झिजले म्हणून दोनच नवे घातले होते. पुढं ८ मिलिमीटर, मागं ३. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात ३१. दर किलोमीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांच्या हिशेबात पंधरा मीटरच्या आसपास तफावत. क्लच आवळला गेला की दोन्ही एक्सल एकाच गतीनं फिरायला बघतात, आणि मागची लहान चाकं रस्त्यावर घसटत ओढली जातात, हलका ब्रेक लावल्यासारखी. (सुबारू आपल्या गाड्यांसाठी चारही टायरच्या घेरातला फरक पाव इंचाच्या आत ठेवायला सांगते, ते उगाच नाही.)

आता साखळी जोडा. पाय उचलला, इंजिनाचा रोध आला, मागच्या चाकांवर ओढ पडली, फाटलेल्या बुशमुळं उजवं चाक टो-आउट झालं, म्हणजे त्याचं तोंड बाहेर वळलं, आणि भार नेमका त्याच्यावर. कोरड्यात टायरच्या पकडीनं हे सगळं झाकून नेलं. ओल्यात तीन मिलिमीटरच्या खाचांनी नाही नेलं. बुश बदलला, चारही टायर एका मापाचे घातले, तक्रार गेली. जुनं युनिट शाबूत होतं.

व्यवस्थापकांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा पद्धत भराभर सांगतो.

पहिला प्रश्न ‘काय होतं’ हा नाही, ‘केव्हा होतं’ हा. ब्रेकवर गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादं चाक घासत असेल. थोडं चालवून चारही डिस्कचं तापमान मोजा. वळणात शिरताना नाक सरळ जात असेल तर पुढचे टायर, त्यांची हवा, पुढचा टो. वळणाच्या मध्यावर मागचा भाग हलका वाटत असेल तर मागचा जाड अँटीरोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारा दांडा) आठवा. हौसेनं घातलेला तो बार ओल्यात मागची पकड खातो. रेस दिल्यावर फक्त पुढची चाकं फिरत असतील, तर मग खुशाल क्लचकडे जा. हॅल्डेक्सच्या पाचव्या पिढीत पंपाची जाळी गाळानं चोंदते आणि तेवढ्यावर कोड उठेलच असं नाही. उलट, मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना गाडी उड्या मारत असेल, तर क्लच सुटत नाहीये किंवा घेर जुळत नाहीयेत.

हवेबद्दल एकच. नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवरून काढलेलं सूत्र असं: हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ९ नं गुणा, तेवढ्या नॉटला (ताशी सागरी मैल) टायर पाण्यावर तरंगू लागतो. ३६ पीएसआयला ताशी १०० किलोमीटर, २५ ला ८३. गाडीचा रुंद टायर याच्याही आधी तरंगू शकतो, म्हणून आकड्यावर विसंबू नका. दिशा लक्षात ठेवा: पावसाच्या नावाखाली हवा कमी करू नका. आणि ७ अंश सेल्सिअसखाली उन्हाळी स्पोर्ट्स टायरचं रबर कडक होतं, तेव्हा खाचा भरपूर असूनही गाडी घसरेल. टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

एका वेळी एकच बदल करा, आणि चाचणी बंद ट्रॅकवर, त्याच ओल्या वळणावर, त्याच वेगानं. सार्वजनिक रस्त्यावर अजिबात नाही.

शेवटचं, कारण हे हमखास राहतं. अलाइनमेंट झालं की स्टिअरिंग-कोनाचा सेन्सर शून्यावर आणून घ्या. तो दोन-तीन अंश चुकीचा असला, तर गाडी सरळ जात असताना ईएसपीला, म्हणजे घसरणारी गाडी ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेला, ती वळतेय असं वाटतं, आणि पावसात तो भलत्याच चाकाला ब्रेक लावतो. त्या हॅचबॅकमध्ये बुश बदलल्यावर हे करावंच लागलं. आता प्रश्न घेऊ.