जुना कोलायटिस, नवा कॅन्सर

(कोलोनोस्कोपीचा पडदा)
हे मोठं आतडं. निरोगी असतं तर अस्तर गुलाबी, ओलसर दिसलं असतं आणि खालची रक्तवाहिन्यांची जाळी स्पष्ट उमटली असती. इथे ती जाळी पुसली गेली आहे. अस्तर खरबरीत झालंय, दुर्बीण नुसती टेकली तरी रक्त येतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला कायमची सूज आणि जखमा, त्याची ही १४ वर्षं. दुर्बीण सिग्मॉइडच्या, म्हणजे गुदाशयाच्या अलीकडच्या भागाच्या, वळणावर पोहोचते आणि तिथे हा उंचवटा दिसतो. बायोप्सीत कॅन्सर निघाला आहे.

कोलायटिस सुरू होऊन ८ वर्षं झाली की ठरावीक अंतराने दुर्बिणीची तपासणी सांगतात, ती याच भीतीने. आपल्याकडे रक्त पडायचं थांबलं की गोळ्या सुटतात, आणि तपासणी तर त्याच्याही आधी सुटते.

(धंतोली, दवाखान्यांच्या पाट्या)
नागपूरची धंतोली, सरकारी मेडिकल, तुकडोजी चौकातलं कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल. विदर्भातून आणि पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटातून पेशंट इथे येतात. नातेवाइकांचं पहिलं म्हणणं ठरलेलं असतं: "तेवढाच तुकडा काढा ना जी."

एरवी तसंच करतात. गाठीच्या दोन्ही बाजूंचं आतडं आणि त्याला जोडलेले लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पसरतो त्या बारीक गाठी, काढायचे, किमान १२ नोड तपासणीला जावेत, मग टोकं शिवायची. कोलायटिसच्या आतड्यात अडचण वेगळी आहे. सुजलेल्या टोकांचा जोड नीट भरत नाही. शिवाय उरलेलं अस्तर तेवढ्याच वर्षांचं जळलेलं. दुसरी गाठ तिथे आधीच रुजलेली असू शकते, सपाट, डोळ्यांना न दिसणारी. म्हणून बहुतेकदा मोठं आतडं आणि गुदाशय, दोन्ही काढायचा सल्ला मिळतो. वय फार झालं असेल, सूज शांत असेल तर तुकड्यावर भागवतात, पण मग दरवर्षी दुर्बीण आलीच.

(कागदावर सर्जनच्या हातचं चित्र)
सगळं काढल्यावर रस्ते दोन. लहान आतड्याचं टोक पोटावर आणून कायमची पिशवी, म्हणजे इलिओस्टॉमी. किंवा लहान आतड्याच्या शेवटच्या ३० ते ४० सेंटिमीटरची इंग्रजी जे अक्षरासारखी घडी घालून आतल्या आत पाऊच शिवायचा आणि तो गुदद्वाराला जोडायचा. पाऊच ऐकायला गोड वाटतो. तो बसला तरी दिवसातून चार ते आठ वेळा जावं लागतं, बहुधा रात्रीही एकदा. ज्याला आजच संडासला पोचेपर्यंत आवरत नाही, त्याच्या गुदद्वाराचा स्नायू आधी बोटाने आणि दाबमापनाने तपासायला हवा. स्नायू ढिला असेल तर पाऊचचा हट्ट धरू नये. गाठ गुदाशयात असून शेक, म्हणजे रेडिएशन, लागणार असेल तर तो ऑपरेशनच्या आधीच. पाऊचला शेक सोसत नाही.

कोलायटिसच्या सुजेवर दिलेल्या स्टिरॉइडचंही तसंच, ऑपरेशनआधी पाहायला हवं. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त चालू असताना जोड शिवला तर तो गळण्याचा धोका वाढतो. डोस हळूहळू उतरवतात. एकदम बंद केला तर रक्तदाब कोसळू शकतो.

(वॉर्ड. सिस्टरच्या हातात मार्कर)
आता हे नीट पाहा. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं हे काम आहे आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.
"काकाजी, उभे राहा. आता बसा. जरा पुढे वाका."
झोपलेल्या माणसाचं पोट सपाट दिसतं. बसला की बेंबीखाली वळी पडतात, आणि वळीत आलेल्या स्टोमावर, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडावर, पिशवी टिकत नाही. म्हणून जागा उजवीकडे, बेंबीच्या खाली, पोटाच्या उभ्या स्नायूवर. पायजम्याची नाडी, साडीची गाठ, जुना व्रण, हाड टाळून. आणि स्वतःच्या डोळ्यांना दिसेल अशी, नाहीतर पिशवी बदलायला कायम दुसरं माणूस लागतं.

(प्लेट कापताना हात)
स्टोमा त्वचेपासून दोन-अडीच सेंटिमीटर वर उचललेला हवा. लहान आतड्याचा पातळ मळ पाचक रसांनी भरलेला असतो, तो त्वचेला लागला की सोलून काढतो. प्लेट म्हणजे पिशवीची त्वचेला चिकटणारी चकती. तिचं छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने प्लेट लवकर सुटते, ती पूर्ण सुटायची वाट पाहून उपयोग नाही. कडा उचलल्या की बदला.

(मोजपात्र)
मोठं आतडं रोज लिटरभर पाणी शोषून घेत होतं. तो शोषणारा गेला. पिशवीतून दिवसाला ५०० ते १००० मिलिलिटर ठीक. १५०० च्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवायचं. नवतप्यात पारा ४५ ला टेकला की माणूस तहानेने माठावर माठ पितो, आणि नुसत्या पाण्याने पिशवीचं प्रमाण उलट वाढतं, मीठही वाहून जातं. ओआरएसचं लिटरचं पाकीट लिटरभरच पाण्यात विरघळवून घोटघोट घ्यायचं. जुलाब आवरणारी लोपेरामाइडची गोळी सांगितली असेल तर जेवणाआधी अर्धा तास. आणि संत्र! रस चालतो. फोडीचं पांढरं साल आणि चोथा अडकून स्टोमा बंद पडू शकतो, सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे तर बिलकूल नको.

(केमोचा वॉर्ड, सलाइन)
नोडमध्ये कॅन्सर सापडला तर केमो, शक्यतो आठ आठवड्यांच्या आत. केमोने जुलाब लागतात आणि मोजपात्राचं काम पुन्हा सुरू होतं. पाऊच शिवला असेल तर त्याला विसावा म्हणून पोटावर काढलेली तात्पुरती पिशवी एरवी दोन-तीन महिन्यांत बंद करतात. केमो असेल तर ती तारीख बहुतेकदा पुढे जाते. ओटीपोटातल्या नसा दुखावल्या तर लघवी आणि लैंगिक संबंधांवर परिणाम होऊ शकतो, बायकांना पाऊचनंतर गर्भ राहणं अवघड होऊ शकतं, पाऊचला पुढे सूजही येते. सहीच्या कागदावर हे सगळं एका ओळीत असतं. ती ओळ मार्करच्या आधी वाचून घ्या.