मतदान न करणारी सभा

(फिलाडेल्फिया परिसरातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

आपल्या कार्यकारिणीने फोन करून सांगितलं, "ताई, तुम्ही रविवारी त्या क्वेकर लोकांकडे जाता ना, तिथे नक्की काय चालतं ते मेळाव्यात सांगा. आणि वीस मिनिटांत आटपा." मागे ट्रे गरम होताहेत, वास माझ्यापर्यंतही आलाय, तेव्हा आटपते.

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. आधी ओट्सचा विषय मिटवून टाकू. क्वेकर ओट्सच्या डब्यावरचे ते टोपीवाले आजोबा क्वेकरांच्या वेषात आहेत, पण त्या कंपनीचा क्वेकर पंथाशी संबंध नाही. क्वेकर दुकानदार वजनात मारत नाही आणि एकच भाव सांगतो, अशी त्यांची ख्याती होती. त्या ख्यातीवर माल खपेल म्हणून नाव उचललं. कॅडबरीचं घराणं मात्र खरोखरच क्वेकर. इंग्लंडच्या विद्यापीठांची दारं या लोकांना बंद होती, म्हणून हुशार पोरं व्यापारात शिरली. चॉकलेट त्यातूनच आलं.

आपण फिलाडेल्फियाच्या आसपास राहणारी माणसं तर त्यांच्याच अंगणात बसलोय. दुसऱ्या चार्ल्स राजाकडे विल्यम पेनच्या वडिलांचं मोठं येणं होतं. त्याच्या बदल्यात राजाने १६८१ मध्ये ही सगळी जमीन, म्हणजे आजचं पेनसिल्व्हेनिया, पेनच्या नावे करून दिली. सिटी हॉलच्या माथ्यावर उभा आहे तो हाच पेन. मुलांच्या ॲडमिशनच्या वेळी आपण ज्यांची नावं घेतो, ती हॅवरफर्ड, स्वार्थमोर आणि ब्रिन मॉर ही कॉलेजंही क्वेकरांनीच काढलेली.

पंथाची सुरुवात इंग्लंडमधली, १६५०च्या आसपासची. जॉर्ज फॉक्स नावाचा, चांभारकाम शिकलेला तरुण सांगत फिरायला लागला, की देवाचा अंश प्रत्येक माणसात आहे आणि त्याच्याशी बोलायला मध्ये पुरोहित लागत नाही. न्यायाधीशापुढे टोपी काढायची नाही, शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही, असली ही माणसं. साहजिकच हजारोंनी तुरुंगात गेली. १६८२ मध्ये ब्रिस्टलला मोठी माणसं आत होती, तेव्हा मुलांनीच मीटिंग, म्हणजे त्यांची प्रार्थनेची सभा, चालू ठेवली. आपल्याकडे मोठी माणसं मोकळी असूनही रविवारची मराठी शाळा चालू ठेवताना किती दमछाक होते, ते शाळेच्या शिक्षिकांना विचारा.

एक खुलासा करते. जगातले सगळ्यात जास्त क्वेकर आज केनियात आहेत. तिथे आणि इतरही अनेक ठिकाणी पाद्री असतो, भजनं असतात, प्रवचन असतं. मी बोलतेय ते आमच्या भागातल्या जुन्या पद्धतीच्या, मौन बसणाऱ्या मीटिंगबद्दल. मी तिची सभासद नाही. येऊन बसणाऱ्यांपैकी आहे. घरी देव्हारा आहे, संकष्टी आहे, आणि तिथे मला कुणी त्याबद्दल कधी छेडलेलं नाही.

रविवारी सकाळी साध्या बाकांवर तासभर बसायचं. वेदी नाही, मूर्ती नाही, क्रूस नाही, बाजाची पेटी नाही. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं, तर तो उभा राहतो, दोन-चार वाक्यं बोलतो आणि बसतो. त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही, टाळ्या नाहीत, "अगदी बरोबर" नाही. कधी तासभर कुणीच बोलत नाही, रेडिएटरची खडखड तेवढी ऐकू येते. मुलं पहिली दहा-पंधरा मिनिटं बसतात आणि मग आपल्या वर्गाला पळतात. शेवटी एकजण शेजाऱ्याशी हस्तांदोलन करतो, मग सगळेच करतात आणि तास संपतो. लोकांना या मौनाचं फार कौतुक वाटतं. मला खरं कुतूहल आहे ते कॉफी झाल्यावर जे सुरू होतं त्याचं.

कारण पाद्री नसला, तर पाद्र्याची कामं कुणीतरी करायलाच हवीत. छप्पर गळतंय, दफनभूमीतलं गवत वाढलंय, नव्वदीच्या आजींना डॉक्टरकडे न्यायचंय, कुणाकडे बाळ आलंय त्यांना आठवडाभर जेवण पोचवायचंय. हे सगळं कमिट्यांवर चालतं. या कमिट्यांसाठी निवडणूक होत नाही. नावं सुचवणारी एक कमिटी असते. ती लोकांना फोन करते, "अमुक काम तुम्हाला जमेल असं वाटतं, विचार करा." इच्छुक म्हणून कुणी हात वर करत नाही, पॅनेल उभी राहत नाहीत, व्हॉट्सॲपवर प्रचार नाही. (हशा) हसू नका, मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही.

महिन्यातून एकदा कामकाजाची सभा असते. अध्यक्ष म्हणावा असा कुणी नाही, एक क्लार्क असतो. सुरुवात मौनाने. विषय निघाला की एकजण बोलतो, मग थोडी शांतता, मग दुसरा. मध्ये तोंड घालायचं नाही. जो बोलून झालाय त्याने बाकीच्यांचं होईपर्यंत थांबायचं. आणि मतदान नाही. कधीच नाही. आपल्याकडे सूचक, अनुमोदक, हात वर, ठराव बहुमताने मंजूर, टाळ्या आणि चहा. तिथे क्लार्क ऐकत राहतो आणि सभेचा कल कुठे चाललाय ते तिथल्या तिथे कागदावर उतरवून वाचून दाखवतो. लोक म्हणतात, "हे ठीक आहे," किंवा म्हणतात, "नाही, दुसरं वाक्य आपल्या मनातलं नाही," आणि मग ते वाक्य बदलतं. इतिवृत्त नंतर घरी बसून चिटणीस लिहितोय आणि पुढच्या सभेत "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणून भांडण होतंय, हा प्रकारच नाही.

एखाद्याला पटलेलं नसलं, तर त्याला दोन वाटा असतात. "मला हे पटत नाही, पण मी आडवा येत नाही" असं तो म्हणू शकतो, आणि हवं तर ते लिहून ठेवतात. किंवा तो म्हणतो, "नाही, हे मला मान्य होण्यासारखं नाही." मग विषय पुढच्या महिन्यावर जातो. आमच्याकडे चाकाच्या खुर्चीसाठी जागा करायला दोन जुने बाक काढायचे होते. बाक शे-दीडशे वर्षांचे. एक बाई म्हणाल्या, माझी आजी तिथे बसायची. वर्षाच्या आसपास हा विषय चालला. मला तर एकेकदा वाटायचं, रात्री येऊन स्वतःच करवत चालवावी. शेवटी बाक निघाले. त्या बाईंनीच त्यातल्या एकाचं काय करायचं ते सुचवलं, आणि तो आता बाहेर व्हरांड्यात आहे. मतदान झालं असतं तर बाक पहिल्याच सभेत निघाले असते आणि त्या बाई पुन्हा आल्या नसत्या.

पण या पद्धतीची मी फक्त आरती ओवाळत नाही. तिची किंमत फार मोठी असू शकते, आणि ती किंमत दर वेळी सभेतलीच माणसं मोजतात असं नाही. १६८८ सालची गोष्ट. जर्मनटाउन, आज आपण जिथून गाडीने भुर्रकन जातो ते, तिथल्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहिलं. फ्रान्सिस पास्टोरियस हा त्यातला एक. ही सगळी जर्मन-डच वळणाची, नुकती बोटीतून उतरलेली माणसं, इथे येऊन त्यांना फार तर पाच वर्षं झालेली. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं आहे, वाचताना कळतं. पण विचारलेला प्रश्न सरळ होता: तुम्हाला कुणी असं धरून विकलं तर चालेल का? निवेदन महिन्याच्या सभेकडे गेलं. ती म्हणाली, विषय जड आहे, वर पाठवतो. तिमाही सभेनेही वर पाठवलं. बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेने, म्हणजे सगळ्यात वरच्या सभेने, ठरवलं, की यावर आपण आत्ता निर्णय देणं योग्य नाही. कारण सरळ होतं, सभेतल्या वजनदार मंडळींच्याच घरी गुलाम होते.

मग १७३८ मध्ये बेंजामिन ले नावाचा, जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला बाक असलेला गृहस्थ त्याच बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत आला. पोकळ केलेल्या पुस्तकात त्याने लाल रसाची पिशवी लपवली होती. गुलाम बाळगणाऱ्यांच्या हृदयावर देव अशीच तलवार चालवेल असं म्हणून त्याने तलवार खुपसली आणि रस आजूबाजूच्यांवर उडाला. त्याला बाहेर काढलं. त्याचं सभासदत्वही गेलं. जॉन वूलमन या दुसऱ्या क्वेकरची तऱ्हा अगदी वेगळी. तो घरोघर जायचा, हळू बोलायचा, आणि गुलामांनी आपली सेवा केली तर निघताना त्याबद्दल पैसे ठेवून जायचा. यजमानाला केवढं अवघडत असेल, कल्पना करा. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांवर कारवाई ठरवली, आणि १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला सभासदच राहता येणार नाही असं ठरलं. जर्मनटाउनच्या निवेदनाला तोवर अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली होती. इतर पंथांच्या मानाने हे लवकरच, असं क्वेकर म्हणतात आणि ते खरंही आहे. पण त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत जे जन्मले आणि गुलामीतच मेले, त्यांना सभेत कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतरही सगळं गोड नव्हतं. आर्च स्ट्रीटच्या मीटिंग हाउसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळ्या बाकावर बसवत. सारा मॅप्स डग्लस या शिक्षिकेने ते स्वतः सोसून लिहून ठेवलंय. आणि मौनाने आपलं भलं झालं, तर कैद्यांचंही होईल, या विचारातून १८२९ मध्ये फिलाडेल्फियात ईस्टर्न स्टेट तुरुंग सुरू झाला. प्रत्येक कैदी एकटा, कुणाशी बोलायचं नाही. हेतू चांगला होता. इंग्रज कादंबरीकार डिकन्सने १८४२ मध्ये तो तुरुंग पाहिला आणि या एकांताला त्याने छळच म्हटलं. स्वतःहून तासभर गप्प बसणं वेगळं आणि वर्षानुवर्षं गप्प बसवलं जाणं वेगळं, हे इतक्या विचारी माणसांच्या लक्षात येऊ नये याचं मला अजून नवल वाटतं.

आणि हो, तेही फुटले. मंडळ फुटणं ही फक्त आपली मक्तेदारी नाही! १८२७ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेची दोन शकलं झाली. एकीकडे बायबलला घट्ट धरणारे, दुसरीकडे आतल्या आवाजावर भर देणारे. एकाच गावात समोरासमोर दोन मीटिंग हाउस झाली, दफनभूमीवरून वाद झाले. पुन्हा एक व्हायला १९५५ साल उजाडलं. आपल्यापैकी काहींनी दुसऱ्या एका शहरात मंडळ फुटताना पाहिलंय. एका मताच्या फरकाने निवडणूक झाली होती आणि पुढच्या वर्षी गावात दोन गणपती बसले. ते एक व्हायला सव्वाशे वर्षं लागू नयेत एवढीच इच्छा.

मला सगळ्यात जड गेलेली गोष्ट सांगते. कुणापुढे मोठा प्रश्न असला, म्हणजे नोकरी सोडायची का, आईला घरी आणायचं का, तर तो मीटिंगकडे एक छोटा गट मागू शकतो. चार-पाच माणसं त्याच्याबरोबर बसतात. त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही! "माझ्या मावसभावाचं असंच झालं होतं" हे तर अजिबात नाही. मला एकदा अशा गटात बसवलं होतं. माझ्याकडे त्या मुलीच्या प्रश्नाचं तयार उत्तर होतं, पत्ता-फोन नंबरासकट. दोन तास जीभ आवरून बसले. आणि ती मुलगी शेवटी ज्या निर्णयावर आली, तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

लग्नही बघण्यासारखं असतं. लावणारा कुणी नाही. मौनात वधू-वर उभे राहतात, एकमेकांचा हात धरून आपलं वचन आपणच बोलतात आणि बसतात. नंतर मोठ्या कागदावर हाताने लिहिलेल्या दाखल्यावर हजर असलेले सगळे सही करतात, अगदी नुकतं लिहायला शिकलेली पोरंसुद्धा. तो दाखला पुढे घरात भिंतीवर लागतो. पेनसिल्व्हेनियाचा कायदाही याला धरून आहे, पुरोहिताशिवाय फक्त दोन साक्षीदारांच्या सहीने लग्न करण्याचा परवाना इथे मिळतो. आपल्या काही मुलांनी, ज्यांचं क्वेकरांशी काही नातं नाही, तो घेतलाय. कुणाच्या आईबापांना धक्का बसलाय तेही मला माहीत आहे.

आपल्याकडचा धागा मला उशिरा सापडला. गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर संस्थेतही गेले होते. होरेस अलेक्झांडर हे तिथे शिकवणारे, गांधीजींचे आयुष्यभराचे स्नेही. मार्जरी साइक्स नावाच्या क्वेकर बाई स्वातंत्र्यानंतर आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिल्या, नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचे शिक्षक घडवण्याचं काम त्यांनी केलं. विनोबांच्या आठवणी इंग्रजीत आणल्या त्यांनीच. विनोबांच्या सर्वोदयी मंडळींचाही आग्रह सर्वानुमतीचाच होता. माझे वडील विदर्भातले, त्यांनी त्या बैठका पाहिलेल्या. ते म्हणायचे, "सगळ्यांचं एकमत होईस्तोवर चहा तीनदा व्हायचा." आमच्या मीटिंगमध्ये तेवढी तरी सोय हवी होती.

मंडळाने ही पद्धत उचलावी का, असं काल कुणीतरी विचारलं. हॉलचं बुकिंग आणि केटररचा ठेका असा ठरवायला गेलात, तर गणपती दिवाळीत बसतील. पण घटनादुरुस्ती, सभासदत्व कुणाला द्यायचं, मराठी न बोलणाऱ्या सुना-जावयांना कार्यकारिणीत घ्यायचं का, अशा ज्या विषयांवर आपण एकमेकांचे फोन उचलणं बंद करतो, तिथे मी हात मोजायला उभी राहणार नाही. येत्या सर्वसाधारण सभेत एका तरी विषयावर करून बघू, अशी सूचना मी मांडणार आहे. अनुमोदक लागेल, कारण आपली घटना अजून तीच आहे.

कुणाला यायचं असेल तर रविवारी या. कपड्यांचं काही बंधन नाही, फोन बंद ठेवा. उशीर झाला तर दारापाशी उभे राहा, दार धरणारा योग्य वेळी आत घेतो. महिन्यातून एकदा सगळे आपापला पदार्थ घेऊन येतात आणि जेवण होतं. आपली साबुदाण्याची खिचडी तिथे फार खपते. फक्त शेंगदाण्याचं कूट घातलं असेल तर भांड्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा, बऱ्याच मुलांना त्याची ॲलर्जी असते.