हायड्रोजनची बाजू

(नाशिकमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, आणि एवढ्या उकाड्यात गंगेवरचा वारा सोडून इथे येऊन बसलेल्या मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘नव्या एअरशिपमध्ये वायू कोणता भरावा?’ एअरशिप म्हणजे हवेपेक्षा हलक्या वायूवर तरंगणारं, इंजिनाने चालणारं हवेतलं जहाज. उत्तर एका शब्दात देऊन टाकतो: हायड्रोजन. ज्यांना भाजी घेऊन घर गाठायचंय त्यांनी आता उठायला हरकत नाही. (हशा) बाकीच्यांना कारणं सांगतो. मागे ओझरची मंडळी दिसताहेत, सुखोई बांधणारी. फुग्यावर बोलतोय म्हणून हसू नका, तुमच्या कामाचं शेवटी येणार आहे.

पण आधी हेलियमचा, म्हणजे त्या दुसऱ्या, न पेटणाऱ्या हलक्या वायूचा, एक जुना हिशेब चुकता करू द्या. दरवर्षी 18 ऑगस्टला मी चहा घ्यायच्या आत फोनवर तोच मेसेज येऊन पडलेला असतो. 1868 साली नॉर्मन लॉकयर नावाच्या साहेबाने विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं, हेलियमचा शोध लागला, अभिमान असेल तर पुढे पाठवा. अहो, अभिमान आहेच! पण लॉकयर त्या दिवशी इंग्लंडात होता. ग्रहणासाठी हिंदुस्थानात आला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, आणि तोही कोकणात नव्हे, गुंटूरला. लॉकयरने 20 ऑक्टोबरला, ग्रहणबिहण नसताना, आपल्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडणारं यंत्र, लावून सूर्याच्या कडेच्या ज्वाळा न्याहाळल्या. त्यात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या रेषांना अगदी खेटून, पण त्यांच्याशी न जुळणारी. ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची ती नव्हती. हे नवं मूलद्रव्य म्हणजेच हेलियम, ते पृथ्वीवर हाती लागायला 1895 उजाडलं. रॅम्झी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला ते युरेनियमच्या एका खनिजात सापडलं.

हे सगळं मी आमच्या ग्रुपवर तारखांसकट लिहिलं. तिथे एक निवृत्त गुरुजी आहेत. माणूस गोड, पण पेटले. विजयदुर्गावर दुर्बिणींसाठीचे म्हणून ओटे दाखवतात, त्यांवर बोट ठेवलं. ‘मग किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे काय पापड वाळत घालायला बांधले होते?’ प्रश्न चोख आहे, आणि उत्तर त्याहून गंमतीचं. लॉकयर विजयदुर्गला आला, अगदी नक्की आला, पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला! नौदलाची माणसं हाताशी घेऊन त्याने तिथे तळ टाकला. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं होत आली होती. दोन ग्रहणांची आपण एक खिचडी केली. आणि त्याच 1898 च्या ग्रहणाला पुण्याच्या कॉलेजातले कावसजी नेगमवाला आपली यंत्रं घेऊन जेऊरला उभे होते. आपला माणूस! त्यांच्या नावाचा मेसेज मला आजवर आलेला नाही. (टाळ्या) गुरुजींनी माझं उत्तर वाचलं, अंगठा दाखवला, आणि पुढच्या ऑगस्टात पहिला मेसेज त्यांचाच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, ‘पाच मिनिटं’. बरं. पळतो आता.

मुद्दा असा की हेलियम आपला वाटतो, पण लागतो तो जवळजवळ सगळा बाहेरून येतो. बंगालात बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून निघतो, पण तो धंद्याला पुरणारा नाही. युरेनियम-थोरियमच्या क्षयातून जमिनीखाली कोट्यवधी वर्षं साठतो, नैसर्गिक वायूबरोबर वर येतो, आणि एकदा हवेत सुटला की गेलाच. एमआरआय यंत्रं थंड ठेवायला तोच लागतो. तो ट्रकऐवजी माल वाहायला उधळायचा?

उचलण्याचं गणित: एक घनमीटर हायड्रोजन साधारण 1.1 किलो उचलतो, दुप्पट जड असूनही हेलियम 1 किलोच्या आसपास. फरक थोडा, पण सांगाड्याचं वजन ठरलेलं, त्यामुळे कात्री मालालाच लागते. खरी अडचण माल उतरवताना येते. फ्रान्समधली ‘फ्लाइंग व्हेल्स’ ही कंपनी 60 टन उचलणारं जहाज आखते आहे, तेही हेलियमवर. ते 60 टन खाली ठेवले की जहाज वर उसळणार. मग तेवढं पाणी भरा, नाहीतर वायू सोडा. हेलियम सोडायला कुणाचा हात धजेल? हायड्रोजन 9 लिटर पाण्यातून 1 किलो मिळतो, वीज तेवढी हवी.

भीती म्हणाल तर हायड्रोजन भरलेलं, पेटून कोसळलेलं जर्मन एअरशिप हिंडेनबर्ग, 6 मे 1937, 36 मृत्यू. ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. पण ते जहाज हेलियमसाठीच आखलेलं होतं, अमेरिकेने हेलियमच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते, म्हणून हायड्रोजन भरावा लागला. त्याच अमेरिकेच्या नौदलाचं हेलियम भरलेलं अ‍ॅक्रन 1933 साली वादळात समुद्रात पडलं, 73 गेले. तिथे कॅमेरा नव्हता. ग्राफ झेपेलिन हे दुसरं जर्मन जहाज मात्र हायड्रोजनवर जवळजवळ 17 लाख किलोमीटर उडालं, एकाही प्रवाशाला इजा न होता. ब्रिटिशांच्या आर-101 या एअरशिपसाठी कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, अवाढव्य हँगर, म्हणजे जहाज ठेवायची शेड, उभा होता. तिकडे निघालेलं जहाज 5 ऑक्टोबर 1930 ला फ्रान्समध्येच कोसळलं. हायड्रोजन पेटला आणि 48 गेले, हे लपवत नाही. पण ते वादळी हवेत खाली आलं आधी, पेटलं नंतर.

ओझरकरांनो, तुमचं काम. हँगर आधी बांधू नका. जर्मनीत कार्गोलिफ्टर या एअरशिप कंपनीने 360 मीटर लांबीचा बांधला, 2002 साली कंपनी बुडाली, आता त्यात ताडामाडांची झाडं आणि पोहायचे तलाव आहेत! 2025 च्या मे महिन्यात डीआरडीओने श्योपूरहून एअरशिप 17 किलोमीटर उंच नेलं, आत माणूस नव्हता. हायड्रोजनची सुरुवातही तशीच व्हावी: बिनमाणसाचं जहाज, माल, मोकळं रान, वस्तीपासून लांब.

सिंहस्थात गर्दीवर नजर ठेवायला रामकुंडावर बांधलेला फुगा सोडायचा असेल, तर मात्र हेलियमच भरा. तिथे मी हायड्रोजनचं नाव काढणार नाही.

घंटा वाजली. माईक मागे, ओझरकरांकडे द्या.